पांढऱ्या वेणीचे मोजे

आमच्या गावात लोकरीचं काही अंगावर घालणारं कुणी नव्हतं. नागावच्या अलीकडे, समुद्रापासून दोन वाड्या आत आमचं घर. थंडी म्हणजे पौषातल्या चार सकाळी गोधडी जरा वर ओढून घ्यायची, एवढीच. तरी सोळाव्या वर्षी मी लोकरीचे मोजे विणायला शिकले. तेही साधे नव्हेत, दोन रंगांचे आणि वेणी घातलेले. जिच्याकडे शिकले तिचा उजवा हात लुळा होता आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

तिला मी मावशी म्हणायचे. नात्याची नव्हती, शेजारची. ती बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांपैकी. आमच्याकडे त्यांना शनवार तेली म्हणायचे, कारण शनिवार हा त्यांचा काम न करण्याचा दिवस, तेव्हा त्यांचा तेलाचा घाणा बंद असायचा. मावशीचा नवरा घाणा चालवायचा. तो गेल्यावर घाणा मोडला, आणि मावशी मुलाला सासूकडे ठेवून पुण्याला लष्कराच्या इस्पितळात नर्सचं काम करायला गेली. लढाईचे दिवस होते. तिथेच एका गोऱ्या नर्सने तिला विणकाम शिकवलं. देशाला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा ती परत आली, आणि त्यानंतर काही वर्षांनी तिचा मुलगा आणि सून इस्रायलला गेली. त्या वर्षांत अलिबाग, रेवदंडा, सगळीकडची त्यांची माणसं जात होती. आमचं बस्तान बसलं की तुला बोलावतो, असं मुलगा सांगून गेला होता. तो गेल्यावर दीड वर्षाने मावशीला लकवा मारला.

पाय सुधारला, हात सुधारला नाही. माझी सातवी झाली होती आणि लग्न ठरेपर्यंत मी घरीच होते. आईने मला मावशीच्या कामाला लावलं. सकाळी पाणी भरायचं, भाजी चिरून द्यायची, नारळ खवून द्यायचा. शनिवारी ती चूल पेटवत नसे, ती मी पेटवायची. आणि आलेली पत्रं वाचून दाखवायची.

श्रावणात मुलाचं पत्र आलं, त्यात एक घडी केलेला कागद होता. उलगडला तर त्यावर पेन्सिलीने काढलेला पाय. कागदावर पाय ठेवून भोवतीने रेघ मारलेली, अंगठ्याशी पेन्सिल घसरलेली. पत्रात लिहिलं होतं की इथं दिवसा ऊन असतं पण थंडीच्या दिवसांत पहाटे कामावर निघताना पाय बधिर होतात. पाण्याचे नळ घालायला चर खणायचं काम आहे. विकतचे मोजे महिन्यात फाटतात. आई, तू पुण्याहून मला निळे मोजे पाठवले होतेस पांढऱ्या वेणीचे, तसे कुणाकडून करून मिळतील का.

मावशीने कागद मांडीवर पसरला आणि डाव्या हाताची बोटं त्या रेघेवरून फिरवली. डोळ्यांना रेघ दिसत नव्हती तिला. पेन्सिल दाबून मारली होती, ती बोटांना लागत असणार.

"कुनाकडून कशाला," ती म्हणाली. "तू इनशील."

"मला कुठं येतं?"

"मला येतंय ना. हात तुझा, बाकी माझं."

लोकर माझ्या मामाने मुंबईहून आणली, गडद निळी आणि पांढरी. सुया आमच्याकडे मिळेनात. वडील शाळेत मास्तर होते, पोस्टाचं कामही तेच बघत. त्यांनी नाक्यावरच्या सायकलवाल्याकडून जुन्या चाकाच्या पाच तारा कापून आणल्या आणि टोकं दगडावर घासून गुळगुळीत करून दिली. गौरी-गणपती झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मावशीच्या पडवीत बसलो.

चौसष्ट टाके. चार सुयांवर वाटून घ्यायचे, पाचवीने विणायचे. आधी बोटभर पट्टी, दोन सुलट दोन उलट. मग वेणी. चौसष्टांत चार वेण्या, प्रत्येक वेणी सहा पांढऱ्या टाक्यांची, आणि मधे दहा दहा टाके निळे. सहाव्या फेऱ्याला पांढऱ्यातले तीन टाके बांबूच्या चिपाटीवर काढून पुढे लोंबते ठेवायचे, मागचे तीन आधी विणायचे, मग चिपाटीवरचे विणायचे. की पीळ पडतो. हे आत्ता चार ओळींत लिहिलं. हाताला यायला मला पंधरा दिवस लागले.

पीळ तसा लवकर जमला. नाही जमला तो धागा. निळं विणताना पांढरा धागा मागून न्यावा लागतो, पांढरं विणताना निळा. मी तो ताणून घ्यायची, म्हणजे वरून काम नीटस दिसायचं. मावशीला वरचं दिसत नव्हतं. ती मोजा उलटा करून आतून बोट फिरवायची.

"ओढतेस."

"सैल सोडला तर लोंबेल ना मावशी."

"दर तीन टाक्यांनी निळ्यात गुतवायचा, मंग न्हाय लोंबत. ओढू नको. पाय आत गेल्यावर जागा लागंल, ती आत्ता सोड."

तोंडाने ती कडक होती. इस्पितळातली शिस्त असेल. भाद्रपदाचा शेवट, हवा दमट, घामेजल्या बोटांना लोकर चिकटायची. तिने वाटीत तांदळाचं पीठ ठेवायला लावलं, दर दोन फेऱ्यांनी बोटं त्यात बुडवायची. मी कंटाळून सुया खाली ठेवल्या की ती काही बोलायची नाही, नुसती वाट बघत बसायची, आणि तेच जास्त वाटायचं.

पण तिच्याजवळ बसायला मला आवडत होतं, हे खरं. मधेच ती मुलाचं काहीतरी सांगायची. तो घाण्याच्या बैलाला नाव घेऊन हाक मारायचा. पोह्याचा मलिदा केला की आधी खोबरंच वेचून खायचा. सांगता सांगता माझी सुई चालली आहे की थांबली हे तिला आवाजावरून कळायचं. थांबली की ती पण थांबायची.

घोट्यापर्यंत मोजा झाला, टाच वळवली, पाऊल अर्ध्यावर आलं. तळव्याला वेणी नव्हती. एक निळा एक पांढरा, एक निळा एक पांढरा, असं विणायचं, म्हणजे आत दोन्ही धागे राहतात आणि तळवा दुप्पट जाड होतो. मावशी म्हणाली, आता कुणाच्या तरी पायात घालून बघ. कागदावर लावून बघितलं तर वडिलांचा पाय तेवढाच निघाला. त्यांनी शाळेतून आल्यावर पडवीच्या पायरीवर बसून मोजा ओढला. टाचेशी अडकला. त्यांनी जोर केला तसा आत एक धागा तटकन तुटला.

मावशीने हात पुढे केला. मी मोजा दिला. तिने आतून चाचपला.

"उसव."

"किती?"

"पट्टीपर्यंत."

वीस दिवसांचं काम तासाभरात गेलं. मी रडत होते आणि ती डाव्या हाताने गुंडा धरून होती. वडील म्हणाले, पोरीला आजचा दिवस तरी राहू दे. मावशी म्हणाली, "गुरुजी, त्याच्या पायात जायाला पायजे."

दुसऱ्यांदा हात लवकर चालला. पहिला मोजा दसऱ्याच्या आदल्या दिवशी झाला. वडिलांच्या टाचेवरून सहज गेला.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी वडील भर दुपारी शाळा सोडून घरी आले. असं ते कधी येत नसत. माजघरात आई भात वाढत होती. त्यांनी खिशातून पत्र काढलं. मावशीच्या सुनेचं होतं, पण वडिलांच्या नावाने आलेलं. त्यांनी उभ्यानेच सांगितलं. चराची भिंत ढासळली. दोघं आत गाडले गेले. एकाला जिवंत काढला, तो मावशीचा मुलगा नव्हता. होऊन बारा दिवस झाले होते.

सुनेने शेवटी लिहिलं होतं, सासूबाईंची तब्येत बरी नाही, मी लिहिलं आणि त्यांनी एकटीने ऐकलं तर काय होईल, तुम्ही जाऊन समजावून सांगा.

आई खाली बसली. मी दारातच होते. वडिलांनी मला आत बोलावलं.

"हे तिला इतक्यात सांगायचं नाही," ते म्हणाले.

"का?" मी विचारलं.

"लकव्याला अजून वर्ष झालेलं नाही. डॉक्टर म्हणालेत धक्का बसता कामा नये. दुसरा झटका आला तर ती उरणार नाही. दिवाळी जाऊ दे. थोडी अंगात ताकद येऊ दे. मग मी सांगेन."

आई म्हणाली, "तिला सांगितल्याबिगर ऱ्हाईल कसं ते?"

"सांगणार नाही असं कुठं म्हणतोय मी. आत्ता नको म्हणतोय."

मग ते माझ्याकडे वळले. "तू रोज जातेस. तुझ्या तोंडावर दिसता कामा नये. पत्र विचारलं तर आलं नाही म्हणायचं. कळलं का?"

मी मान हलवली. माझे वडील वाईट माणूस नव्हते. गावातल्या कितीतरी घरांत त्यांनी पत्रं वाचून दाखवली, तारा वाचून दाखवल्या, रडणाऱ्यांजवळ बसले. त्यांना मावशी जगायला हवी होती. मलाही हवी होती. त्या दिवशी मला त्यांचं सगळं बोलणं पटलं, हे मी लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. मावशी पडवीत बसली होती, गुंडे मांडीवर, पायाचा कागद शेजारी तांब्याखाली दाबून ठेवलेला.

"आज उशीर झाला तुला," ती म्हणाली. "घाल टाके."

मी चौसष्ट टाके घातले.

दुसरा मोजा मी असा विणला. तोंडावर काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता, तिला माझं तोंड अंधुकच दिसायचं. आवाजाची मात्र भीती वाटायची. म्हणून मी बोलणं कमी केलं आणि खाली मान घालून विणत राहिले, आणि गंमत अशी की धागा मागे आपोआप हवा तेवढा सैल जाऊ लागला. मावशी आतून बोट फिरवायची आणि काही न बोलता परत द्यायची. एकदा म्हणाली, "आता बसला तुझा हात. माझा बी असाच होता." मी विहिरीवर जाऊन तोंड धुऊन आले.

तिला पत्राची ओढ लागली होती. महिन्याला एक यायचं ते आलं नव्हतं. रोज विचारायची. मी रोज नाही म्हणायची. कोजागरी झाली. एके सकाळी गेले तर ती अंगणातल्या काठीला धरून उभी, लुगडं नीट नेसलेली, डोक्यावरून पदर.

"कुठं निघालीस?"

"पोस्टात. तुझ्या बापाला इचारते. गुरुजी माझ्याशी खोटं बोलायचा न्हाय."

शाळा पाऊण मैल होती. तिला एवढं चालवणार नव्हतं, आणि वडिलांना तिच्यासमोर उभं राहून उत्तर द्यावं लागलं असतं. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणाले, "मावशी, पत्र आलंय. मी घेऊन येते."

ती तिथेच पायरीवर बसली. मी घरी जाऊन परत आले. हातात काही नव्हतं. तिची जुनी पत्रं कोनाड्यात असायची, त्यातलंच एक उचललं आणि समोर बसून उलगडलं. कागद वाजल्याशिवाय तिला खरं वाटलं नसतं. मी वाचलं. आई, कामाच्या गडबडीत लिहायला उशीर झाला. आम्ही दोघं ठीक आहोत. अजून थंडी पडली नाही. मोजे कुठपर्यंत आले. दिवाळीनंतर पाठवलेस तरी चालतील. तुझ्या हाताला मालीश चालू ठेव.

"मालीश?" तिने विचारलं. "त्याला कोनी सांगितलं मालीश करत्यात म्हणून?"

"मागच्या पत्रात मी लिहिलं होतं."

तिने मान डोलावली. थोड्या वेळाने म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. पहिल्यांदा जे म्हटलं होतं ते सगळं मला आठवेना. एक वाक्य राहिलं, एक वेगळं आलं. तिने काही विचारलं नाही.

हे वडिलांनी मला करायला सांगितलं नव्हतं. मी घरीही कुणाला सांगितलं नाही.

दिवाळी गेली. दुसरा मोजा पुरा झाला, पुढचे टाके बंद केले, दोन्ही मोजे तिने मांडीवर घेऊन एकावर एक ठेवले, लांबी चाचपली, वेण्या मोजल्या. मग मांजरपाटाच्या पिशवीत घालून मी शिवले आणि वडिलांनी वर पत्ता लिहिला. पार्सल ते शाळेत घेऊन गेले आणि कपाटात ठेवलं. आता सांगायलाच हवं, असं आई रोज म्हणायची. वडील म्हणायचे, या आठवड्यात. त्या आठवड्यात मावशीला ताप आला. पुढच्या आठवड्यात शाळेची तपासणी होती. सांगण्यासारखा दिवस काही उजाडला नाही.

मार्गशीर्ष लागायच्या बेतात होता. सकाळी दहाच्या सुमारास अलिबागहून एक टांगा आला. त्यांच्या प्रार्थनाघराला आमच्याकडे सगळे मशीदच म्हणायचे, तिथे प्रार्थना सांगणारे एक म्हातारे गृहस्थ टांग्यातून उतरले. काळी टोपी, हातात काठी. मावशी पडवीत होती, मी नारळ खवत होते. ते आले, त्यांनी चपला काढल्या आणि बाकावर न बसता खाली जमिनीवर बसले.

"मी आजारी होतो," ते म्हणाले. "मुंबईहून निरोप आला तो मला परवा कळला. नाहीतर तुझ्या सात दिवसांत आलो नसतो का."

मावशीने विचारलं, "कसले सात दिवस?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खोबऱ्याच्या वाटीकडे बघत होते. मग ते मावशीजवळ सरकले, तिचा डावा हात हातात घेतला आणि मुलाचं नाव घेऊन सांगितलं. एका वाक्यात सांगितलं.

मावशी ओरडली नाही. तिला झटकाही आला नाही. तिचं तोंड उघडं राहिलं आणि श्वास घेतल्यासारखा एक आवाज आला, तेवढाच. मग ती बाकावरून खाली उतरू लागली. मी धरायला गेले तर तिने हात बाजूला केला. स्वतः भिंतीला टेकत जमिनीवर बसली. गळ्याशी हात नेऊन चोळीचा काठ पकडला.

म्हाताऱ्या गृहस्थांनी तिचं मनगट धरलं. "कधीची गोष्ट आहे ते माहीत आहे मला," ते हळू म्हणाले. "तीस दिवस उलटले. आता कपडा फाडायचा नाही. सात दिवसही नाहीत."

"मंग?"

"एक तास."

त्यांच्यात असा नियम आहे, हे मला तेव्हा कळलं. माणूस गेल्यावर घरचे सात दिवस खाली बसतात. कपडा फाडतात. लोक येतात, जेवण आणतात, गेलेल्याचं बोलतात, घरच्यांना उठू देत नाहीत. बातमी तीस दिवसांच्या आत कळली तर कळल्या दिवसापासून सात दिवस मिळतात. तीस दिवसांनंतर कळली तर बसायचं ते फक्त एक तास.

त्यांनी बंडीच्या खिशातून घड्याळ काढून जमिनीवर ठेवलं. मी धावत जाऊन आईला आणलं, आईने कुणाला तरी शाळेत पाठवलं. वडील आले तेव्हा अर्धा तास झाला होता. ते अंगणातच उभे राहिले. मावशी पाय पसरून बसली होती, अनवाणी, आणि अजिबात हलत नव्हती. म्हातारे गृहस्थ मधूनमधून ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणत होते. आमचा कोंबडा पडवीत येऊन सांडलेलं खोबरं टिपू लागला, त्याला हाकलायला कुणी उठलं नाही.

तास झाला. त्यांनी घड्याळ उचललं. "ऊठ," ते म्हणाले.

मावशी उठली नाही. "येवढंच?"

"एवढंच. ऊठ बाई."

त्यांनी आणि आईने तिला धरून उठवलं. उभी राहिल्यावर तिने विचारलं, "गुरुजी आलाय का?"

"आलोय," वडील अंगणातून म्हणाले.

"तुला कदी कळलं?"

"दसऱ्यानंतर दोन दिवसांनी. तुझी तब्येत..."

तिने पुढचं ऐकलं नाही. डाव्या हाताच्या अंगठ्याने बोटांची पेरं मोजली. मग माझ्या बाजूला तोंड केलं. "आनि तुला?"

"त्याच दिवशी."

"पत्र वाचलंस ते?"

आई माझ्याकडे बघू लागली, वडीलही. त्यांना पत्राचं काहीच ठाऊक नव्हतं.

"मेलेल्या पोराचा आवाज काढलास तू," मावशी म्हणाली. मोठ्याने नाही म्हणाली. "मी दोनदा वाचून घेतलं तुझ्याकडून."

नंतर मी हिशेब केला. आमच्या घरी पत्र आलं तेव्हा बारा दिवस झाले होते. म्हणजे आमच्या हातात अठरा दिवस होते. त्यातल्या कुठल्याही दिवशी तोंड उघडलं असतं तर तिला तिचे सात दिवस मिळाले असते. वडिलांना हा नियम माहीत नव्हता, मलाही नव्हता. विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने मला घरात घेतलं नाही. आई पाणी भरायला जायची, आईला ती भरू द्यायची. शनिवारी आई चूल पेटवायला गेली तर म्हणाली, नको. त्या दिवशी तिच्या घरातून धूर आला नाही. पार्सल वडिलांनी स्वतः परत नेऊन दिलं. तिने ते उघडलं नाही, सुनेच्या नावाने पत्ता लिहून घेतला आणि वडिलांनी ते त्याच दिवशी रवाना केलं. पुढच्या महिन्यात ते म्हातारे गृहस्थ तिला अलिबागला त्यांच्या एका नातेवाइकांकडे घेऊन गेले. टांग्यात बसताना ती आईच्या गळ्याला लागली. मी वाडीत, पोफळींच्या आड उभी होते.

वडील त्यावर कधी बोलले नाहीत. एकदाच आई त्यांना काही म्हणाली तेव्हा ते म्हणाले, "ती जिवंत आहे ना?" पण त्यानंतर कुणी पत्र वाचायला आणलं की ते चष्मा पुसत आणि सगळं, जसंच्या तसं, अडखळत का होईना, शेवटपर्यंत वाचत. मधलं वाईट गाळून वाचायची त्यांची सवय गेली.

वैशाखात माझं लग्न ठरलं, उरणकडे, मिठागरवाल्यांच्या घरात. लग्नाआधी मी अलिबागला गेले. एकटीच एसटीने गेले, घरी बांगड्या भरायला जाते म्हणून सांगितलं. मावशी एका खोलीत खाटेवर बसली होती. खूप वाळली होती. मी पाया पडले तर तिने हाताने चेहरा चाचपला आणि ओळखलं.

"मावशी, मला माफ कर."

तिने माझ्या चेहऱ्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "तुमी वाईट नव्हतं केलं माझं. मी जगावं म्हणून केलंत. पन सात दिवस मी त्याला घेऊन बसले असते. धा मानसं आली असती. कुनी म्हनलं असतं तो असा होता, कुनी म्हनलं असतं तसा होता. ते मी कुठून आनू आता?"

मी रडत होते.

"माफ केलं म्हनायला सांगू नको मला. येत न्हाय तोंडात. आलीस तर बस."

मी बसले. तिने विचारलं, सासरी विहीर आहे का, सासू कशी आहे. मग सांगितलं की सुनेचं पत्र आलं. मोजे तिला मोठे होतात, पण पुढे कापूस भरून तीच घालते. धुलाईच्या कामाला जाते, तिथे सकाळी फरशी बर्फासारखी असते. कुणा दुसऱ्याला द्यायचं तिच्या जिवावर आलं.

"टाच न्हाय म्हणे अडकत कुटं," मावशी म्हणाली.

आणि मग ती मुलाचं सांगायला लागली. मी विचारलं नव्हतं. तो जन्मला तेव्हा पायाळू होता. घाण्याच्या फेऱ्यात बसून अक्षरं गिरवायचा. एकदा अलिबागच्या खाडीत बुडता बुडता वाचला, तेव्हा कोळ्याच्या एका बाईने त्याला केसांना धरून वर काढलं. सुनेला बघायला गेला तेव्हा कुणाची तरी पायताणं घालून परत आला. विणताना जे सांगत असे त्यातलं काही होतं, पण बरंचसं मी पहिल्यांदाच ऐकत होते. ती सांगत होती आणि मी हूं म्हणत होते. हूं म्हणायला थांबले की ती पण थांबायची, म्हणून मी थांबले नाही. तीनची एसटी गेली. पाचचीही गेली. घरातल्या बाईने चहा आणून ठेवला, तो निवला.

दिवेलागणीला ती दमली आणि आडवी झाली. मी तिच्या अंगावर चादर घातली. शेवटच्या गाडीने घरी पोचले तेव्हा वडील नाक्यावर उभे होते. बांगड्या कुठे आहेत हे त्यांनी विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "भेटली का?"

"भेटली."

आम्ही दोघं वाडीवाडीने घरी चालत आलो. पुढच्या वर्षी माझ्या सासरी आईचं कार्ड आलं, मावशी गेली म्हणून. गेली त्याच दिवशी टाकलेलं होतं. गावाची टपालाची थैली सकाळीच गेली होती, म्हणून वडिलांनी सायकलवरून स्वतः अलिबागला जाऊन टपालात टाकलं, असं आईने खाली लिहिलं होतं.